शेखावाटीच्या चित्रभिंती

राजपुतान्याचें नांव निघालें कीं महाराष्ट्रीय वाचकाच्या मनांत चितोडचा गड, उदेपूरचें सरोवर आणि जयपूरचे गुलाबी रस्ते उभे राहतात. शौर्य आणि राजवैभव यांपलीकडे त्या प्रांतांत आणखी कांहीं पाहण्यासारखें असेल, अशी कल्पना आपल्याकडे सहसा कोणी करीत नाहीं. परंतु जयपुराच्या वायव्येस सुमारें १४० किलोमीटरांवर नवलगड नांवाचें एक गांव आहे, आणि त्याच्या आसपास मंडावा, फत्तेपूर, रामगड, झुंझुनू अशीं आणखीहि गांवें आहेत. तेथें पाहावयाचें तें राजाचें नसून व्यापाऱ्याचें आहे. आणि तें तटबंदीच्या आड नसून भर रस्त्यावर, घरांच्या भिंतींवर आहे. ह्या मुलखास शेखावाटी म्हणतात. तेथील भित्तिचित्रांविषयीं दोन मतें रूढ आहेत. एक प्रवाशांचें: हें सारें एक उघडें चित्रालय आहे आणि त्यांतील जें दिसेल तें वाखाणावें. दुसरें जाणकारांचें: जुन्या मातकट रंगांतील तेवढीं चित्रें खरीं, विलायती रंग आल्यानंतरचा सारा पसारा म्हणजे अधोगति. पहिल्या मतांत विवेक नाहीं हें उघड आहे. दुसऱ्यांत विवेक आहे. पण तो चुकीच्या जागीं लावला आहे, असें आम्हांस वाटतें. तें कां, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

आधीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे. कारण हीं चित्रें कोणीं काढविलीं हें कळल्यावांचून तीं कशासाठीं काढलीं हें कळत नाहीं. शेखावाटी हें नांव पंधराव्या शतकांतील राव शेखा याच्यावरून पडलें. त्याच्या वंशांतील शार्दूलसिंहानें १७३० सालीं कायमखानी नबाबाकडून झुंझुनू घेतलें, आणि त्याचा मुलगा नवलसिंह यानें १७३७ सालीं नवलगड वसविलें. ठाकुरांनीं किल्ले बांधले खरे. पण त्या किल्ल्यांच्या सांवलींत गांवाला श्रीमंती आणली ती व्यापाऱ्यांनीं. उंटांचे तांडे ह्या वाळवंटी वाटेनें माल नेत, आणि जकातीचा भार जेथें हलका तेथें व्यापारी बिऱ्हाड हलवीत. चुरूच्या अधिपतीशीं लोकरीवरील करावरून बिनसलें, तेव्हां तेथील पोद्दार मंडळी उठली आणि १७९१ सालीं त्यांनीं रामगड हें स्वतःचेंच शहर उभें केलें! पुढें १८१८ सालीं जयपूर संस्थानाचा कंपनी सरकाराशीं तह झाला. हळूहळू व्यापाराचा ओघ उंटांच्या वाटा सोडून बंदरांकडे वळला, आणि त्याच्यामागून येथील तरुण कलकत्त्यास आणि मुंबईस गेले. माणसें बाहेर गेलीं, बायकामुलें बहुधा गांवींच राहिलीं, आणि पैसा गांवीं परत आला. हवेली, मंदिर, विहीर, धर्मशाळा आणि मृतांच्या स्मरणार्थ बांधलेली छत्री अशा पांच रूपांनीं तो पैसा दगडचुन्यांत उतरला, आणि ह्या पांचांवरहि चित्रें चढलीं.

ह्या इतिहासांत चित्रांचें मर्म आहे. ज्या घराचा धनी वर्षांतील बहुतेक महिने हजार कोसांवर असावयाचा, त्या घरानें त्याच्या वतीनें रस्त्यावरच्या माणसाशीं बोलावयाचें होतें. त्याची पत, त्याची धर्मनिष्ठा, त्यानें पाहिलेली दुनिया हें सारें त्याच्या गैरहजेरींत भिंतीनें सांगावयाचें. शेखावाटीचीं बाहेरचीं चित्रें इतकीं बोलकीं, कधीं कधीं इतकीं बडबडीं कां आहेत, याचा उलगडा येथें होतो. अजिंठ्याचा भिक्षु चित्रासमोर मौन धरून बसे. नवलगडचें चित्र येणाऱ्याजाणाऱ्यास हांक मारतें. दोहोंना एकच माप लावणें हा अन्याय होय.

नवलगडांत पायींच हिंडावें. मोठ्या दरवाज्याशीं चढणीचा उतार, दरवाज्याच्या दोहों बाजूंस भिंतीवर रंगविलेले हत्ती अथवा द्वारपाल, आणि आंत गेल्यावर पहिला चौक, ही येथील हवेलीची ठरलेली मांडणी. पहिल्या चौकाच्या बाजूस बैठक. तेथें पांढऱ्या गाद्यांवर व्यापाराचे सौदे होत आणि छताला टांगलेला पंखा दोरीनें ओढला जाई. त्यापलीकडे दुसरा चौक, तो बायकांचा. दोहोंच्या मधल्या भिंतींत लहान झरोके असतात, त्यांतून बाहेर कोण आलें हें आंतून पाहावयाचें. वाड्यांत वाढलेल्या आमच्या पिढीस ही रचना परकी वाटणार नाहीं. मात्र आपल्या वाड्याची भिंत बाहेरून मुकी असते आणि नक्षी, चित्रें जीं काय असतील तीं आंत. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यांत किंवा चांदवडास होळकरांच्या रंगमहालांत पाहावें, चित्रें दिवाणखान्यांत आहेत. शेखावाटीनें तीं रस्त्यावर आणलीं, हें तिचें वेगळेपण.

चित्रांचे विषय मोजूं म्हटल्यास मोजवत नाहींत. सज्जाखालच्या टोड्यांमध्यें ज्या लहान लहान चौकटी असतात, त्यांत कृष्णलीला, रामकथा, रागमालेंतील रागिणी, कुस्ती खेळणारे मल्ल, दळणारी बाई, सूत कांतणारी म्हातारी हीं एकाशेजारीं एक बसलेलीं दिसतात. उंटावर बसून पळणारे ढोला आणि मारू बहुतेक गांवांतून भेटतात. अनेक स्त्रियांच्या देहांचा मिळून एक हत्ती केलेला असतो, तें नारीकुंजर पुष्कळ ठिकाणीं आहे. आणि एका विषयानें तर आम्हांस हसूं आलें. डूंगजी-जवाहरजी हे येथील प्रसिद्ध बंडखोर. श्रीमंतांना लुटावें आणि गोरगरिबांना द्यावें ही त्यांची ख्याति. आग्र्याच्या तुरुंगांतून डूंगजीची झालेली सुटका लोकगीतांचा विषय झाली. ज्या सावकारांना त्यांचें भय वाटावें, त्यांच्याच भिंतींवर त्यांचें शौर्य रंगविलेलें आहे! धन्यानें पैसा दिला, विषय थोडेफार सांगितले. पण लोकांना जें गावेंसें वाटे तें चित्रकार काढीत गेला आणि धन्यानें तें चालवून घेतलें. ह्या चित्रकलेंत एक मोकळेपणा आहे तो असा.

चित्रकार म्हणजे तरी कोण? त्यांना चेजारा म्हणत. बहुतेक कुंभार जातीचे; गवंडीकाम आणि चित्रकाम एकाच हातानें करणारे. ज्यानें भिंत बांधली त्यानेंच ती रंगविली, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. बाहेरच्या भिंतींवरचें काम ओल्या चुन्यावर होई. चुन्याचे थरावर थर द्यावयाचे, शेवटच्या थरांत संगमरवराची पूड मिसळावयाची, आणि तो ओला आहे तोंच त्यावर रेखाटन करून रंग भरावयाचे. मग अकीकाच्या दगडानें घोटून त्याला कांचेसारखी झळाळी आणावयाची. चुना वाळतांना रंग पृष्ठभागांत धरला जातो, आणि म्हणून हें चित्र पुसलें जात नाहीं. एका दिवसांत जेवढें रंगवितां येईल तेवढाच गिलावा करावयाचा, आणि हात चुकला तर तेवढा तुकडा खरवडून पुन्हां घालावयाचा. खोल्यांच्या आंत आणि छतांवर वाळलेल्या भिंतीवर चिकट द्रव्यांत कालवलेले रंग देत. तें काम नाजूक, पण तितकें टिकाऊ नव्हे. अजिंठ्याचीं चित्रें मातीच्या लेपावर आणि वाळलेल्या पृष्ठावर काढलेलीं आहेत, हें येथें आठवावें. दोन्हींना आपण भित्तिचित्रें म्हणतों, पण दोहोंचें शास्त्र निराळें. रंगांत काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा, गेरूचा तांबडा, निळीचा निळा आणि पिवळ्या मातीचा पिवळा हे मुख्य होते.

हें शास्त्र ज्या काळीं शुद्ध होतें त्या काळचा नमुना पाहावयाचा तर नवलगडाहून परसरामपुरास जावें. तेथें शार्दूलसिंहाची छत्री आहे. तिच्या घुमटाच्या आंतील चित्रें १७५० च्या सुमाराचीं. तांबूस, काळा आणि पांढरा एवढ्याच मोजक्या रंगांत रामकथा, युद्धें, आणि पांच मुलांसह बसलेला शार्दूलसिंह काढलेला आहे. माणसांची दाटी अशी कीं तिळाएवढी जागा रिकामी नाहीं, आणि तरीहि घुमटाची गोलाई कोठें मोडली नाहीं. वर पाहतां पाहतां मान दुखूं लागते, पण दृष्टि खालीं येत नाहीं. जाणकार येथें नतमस्तक होतात तें योग्यच आहे. शेखावाटीचा चित्रकार यापेक्षां उंच गेला नाहीं, हें आम्हीहि मानतों.

पण येथून पुढें जाणकारांची वाट आणि आमची वाट निराळी होते. ते म्हणतात, १८६० नंतर विलायतेंतून, विशेषतः जर्मनींतून, तयार रंग येऊं लागले. भडक निळा आणि भडक तांबडा भिंतीवर पसरला. देवांच्या जागीं आगगाड्या, मोटारी आणि टोप्या घातलेले साहेब आले. आणि कला लयाला गेली. रंगासंबंधीं त्यांच्या तक्रारींत तथ्य आहे. तो निळा रंग डोळ्यांत खुपतो, आणि त्याच्या शेजारीं गेरू बिचारा दीन दिसतो. परंतु विषयासंबंधींचा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. आगगाडीच घ्या. शेखावाटींत रेल्वे आली ती विसाव्या शतकांत. पण तिच्या भिंतींवर आगगाडी त्याआधींच धांवूं लागली होती. चित्रकारानें ती पाहिली नसावी. कलकत्त्याहून आलेल्या कोणीं वर्णन केली असेल, तेवढीच त्याची माहिती. मग त्यानें काय केलें? डबे म्हणून त्यानें हवेलीच्या खोल्या एकामागें एक ठेवल्या, प्रत्येकीला कमानदार खिडकी दिली, खिडकींतून पगडीवाले उतारू बाहेर पाहत बसविले, आणि इंजिनावर धुराचा सुरेख झुपका काढला. पूर्वी सज्जाखालच्या लांब पट्टींत ठाकुराची स्वारी जात असे: हत्ती, घोडे, पालखी, भालदार. त्याच पट्टींत, त्याच लयींत आतां आगगाडी जाऊं लागली. विषय नवा, पण भिंतीची जाण जुनीच. आणि जाण शाबूत असेपर्यंत चित्र मरत नाहीं. राइट बंधूंनीं १९०३ सालीं विमान उडविलें. पुढें तें मंडाव्याच्या एका नेवटिया हवेलीच्या भिंतीवर येऊन उतरलें. त्याच हवेलीवर एक मुलगा टेलिफोन कानाला लावून उभा आहे. ह्या चित्रांना जे हसतात त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, न पाहिलेल्या वस्तूला रूप देणें हेंच तर चित्रकार आजवर करीत आला होता. दहा तोंडांचा रावण तरी त्यानें कोठें पाहिला होता?

मग ही कला मेली ती कशानें? आमच्या मतें ती मेली छापील चित्रानें. १८९४ सालीं मुंबईस रविवर्म्याचा छापखाना निघाला, आणि त्यांतील लक्ष्मी, सरस्वती, दमयंती घरोघर गेल्या. पुण्यास १८७८ सालीं निघालेल्या चित्रशाळेचीं चित्रें आपल्याकडे देवघरांतून लागलीं, तसेंच हें. त्या चित्रांनीं गरिबाच्या घरीं देव नेला, हें त्यांचें पुण्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तीं, आणि विलायतेहून येणारे तसबिरींचे कागद, चेजाऱ्याच्या हातांत नमुना म्हणून पडले तेव्हां त्याचा नाश झाला. आतां देवाच्या गालावर छाया आली, मागें डोंगर आणि तळें आलें, साडीच्या चुण्या मोजून काढल्या गेल्या. हें सारें कागदावर शोभणारें. चुन्याच्या ओल्या थरावर छायाप्रकाशाचा खेळ साधत नाहीं, आणि घाईनें साधूं गेल्यास मुखवटा तयार होतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतील कित्येक हवेल्यांवर राधाकृष्ण असे मुखवटे घालून उभे आहेत. शेजारच्याच चौकटींत, जुन्या पद्धतीनें काढलेली मोटार मात्र कशी उत्साहानें धांवते! विषय परका असून चित्र आपलें, आणि विषय आपला असून चित्र परकें, असा हा विलक्षण प्रकार आहे. म्हणून शेखावाटीची परीक्षा रंगावरून किंवा विषयावरून करूं नये. चित्रकार स्वतःच्या मनानें पाहतो आहे कीं दुसऱ्याचें पाहून गिरवितो आहे, एवढेंच विचारावें. ह्या एका प्रश्नानें एकाच भिंतीवरचें सोनें आणि पितळ वेगळें करतां येतें.

ह्या चित्रांशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. मुंबईस माटुंग्याला रुइया आणि पोदार हीं दोन महाविद्यालयें अनुक्रमें १९३७ आणि १९४१ सालीं निघालीं. पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीनें तीं चालविलीं आणि मराठी मध्यम वर्गाच्या पिढ्या तेथें शिकल्या. त्यांना ज्यांचीं नांवें आहेत तीं घराणीं रामगडचीं आणि नवलगडचीं. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ सालीं सीकरजवळच्या एका खेड्यांत झाला, आणि कर्मभूमि वर्धा. मुंबईच्या कापसाच्या बाजारांत मिळविलेला पैसा नवलगडच्या चुन्यांत गेला, आणि मग नवलगडच्या माणसांचा पैसा आमच्या शाळा-महाविद्यालयांत आला. त्या भिंतींच्या बऱ्यावाइटाविषयीं आपण अगदींच उदासीन राहणें शोभत नाहीं.

आणि आज उदासीनतेचा काळ नाहीं. १९३० नंतर नवें चित्रकाम जवळजवळ थांबलें. पुढें कुटुंबेंच्या कुटुंबें शहरांत कायमचीं गेलीं. एकेका हवेलीचे वारस आतां अनेक. त्यांतले कांहीं कलकत्त्यास, कांहीं मुंबईस, कांहीं परदेशांत. विकावयाची तर सर्वांची सही हवी, दुरुस्त करावयाची तर सर्वांचा पैसा हवा; तेव्हां कांहींच होत नाहीं, आणि चौकीदार तेवढा कुलपाची किल्ली घेऊन बसलेला असतो. कोठें कोरीव दरवाजे काढून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना विकले गेले, कोठें चित्रावर जाहिरात चिकटली, कोठें हवेली पाडून दुकानांची ओळ उभी राहिली. १९८२ सालीं फ्रान्सिस वाक्झियार्ग आणि अमन नाथ यांनीं, आणि पुढें इले कूपर यांनीं, ह्या भिंतींवर ग्रंथ लिहून त्यांची नोंद केली. तेव्हांपासून त्यांतील कांहीं चित्रें केवळ पुस्तकांतच उरलीं आहेत.

तथापि नाशाइतकेंच आम्हांस एका प्रकारच्या जीर्णोद्धाराचें भय वाटतें. फत्तेपुरास १८०२ सालची एक देवडा हवेली नादीन ल प्राँस ह्या फ्रेंच चित्रकर्त्रीनें विकत घेऊन वांचविली. नवलगडची १९०२ सालची पोदार हवेली संग्रहालय म्हणून उघडी आहे. ह्यामागील आस्था मोठी आहे. परंतु दुसऱ्या एका ठिकाणीं आम्हीं असें पाहिलें कीं, विटलेल्या आकृतींवर आजचे डब्यांतील चकचकीत रंग चढवून सारें नवें करून टाकलें होतें. जुन्या रेषेवर नवी रेषा गिरविली कीं डोळे मोठे होतात, बोटें जाड होतात, आणि सर्वच चेहरे एकमेकांचे भाऊ दिसूं लागतात. जुनें चित्र छापील कागदाच्या नकलेनें एकदां मेलें होतें; येथें तें स्वतःच्याच नकलेनें दुसऱ्यांदा मरतें. आणखी एक घात सिमेंटचा. चुन्याची भिंत ओल आंत घेते आणि बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा घातला कीं ओल कोंडते, क्षार फुटतात, आणि शेजारचें धड चित्रहि पापुद्र्यासारखें गळून पडतें. दुरुस्त करणाऱ्याची भक्ति येथें कामाची नाहीं. त्याला चुना कळला पाहिजे.

आमचें मत विचाराल तर आधीं छपराचें गळणें थांबवावें. मग निखळलेला गिलावा चुन्यानेंच सांधावा. आणि जेथें चित्र गेलें तेथें भिंत कोरी ठेवावी. अर्धा उरलेला घोडा अर्धाच दिसूं द्यावा. त्या अर्ध्या घोड्यांत चेजाऱ्याचा हात आहे. पुरा केलेल्या घोड्यांत तो नसेल. ह्याला खर्च फार नाहीं, परंतु संयम फार लागतो, आणि संयमाचें चित्र प्रवाशाला दाखवितां येत नाहीं, ही खरी अडचण आहे. म्हणून पाहणाऱ्याची अभिरुचि सुधारली तरच मालकाची सुधारेल, असें आम्हांस वाटतें. प्रवासी चकचकीत भिंतीपुढें गर्दी करतील तोंवर भिंती चकचकीत होतच राहणार.

तेव्हां आमच्या वाचकांपैकीं जे जयपुरास जातील, त्यांनीं दोन दिवस अधिक काढून नवलगड आणि परसरामपूर पाहावें. थंडीच्या दिवसांत जावें. उन्हाळ्यांत तो मुलूख सोसवत नाहीं. सकाळचें तिरपें ऊन भिंतीवर असतां पाहावें. त्या वेळीं घोटलेल्या चुन्याची झळाळी दिसते, आणि ओल्या भिंतीवरचें काम कोणतें व वाळलेल्या भिंतीवरचें कोणतें, हेंहि डोळ्याला कळूं लागतें. मोठ्या नांवाच्या हवेल्या पाहून झाल्या म्हणजे एखाद्या अनाम गल्लींत शिरावें, चौकीदाराला नम्रपणें विचारून कुलूप उघडवून घ्यावें, आणि ज्या भिंतीकडे कोणी पाहत नाहीं तिच्याजवळ घटकाभर थांबावें. तेथें धुळीखालीं एखादी आगगाडी अजून चाललेली असेल. तिच्या चित्रकाराचें नांव कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं. पण त्याची रेषा ओळखूं येण्याइतकी आपली नजर तयार झाली, तर त्या प्रवासाचें सार्थक झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.